'बाईपण' जन्मानं येतं की घडवलं जातं? ताराबाई शिंदेंनी 1882 मध्येच मांडलेला हिशेब

छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात एक स्त्री अभ्यास केंद्र आहे. त्याला नाव दिलंय ताराबाई शिंदे यांचं. सावित्रीबाई फुले शाळकरी मुलांनाही माहीत असतात, पण ताराबाई कोण, असं विचारलं तर अनेक जण गोंधळतात. कारणही तसंच आहे. शेजारच्या बुलढाण्याच्या या बाईंचं एकच पुस्तक आज आपल्या हाती आहे आणि तेही जवळपास 90 वर्षं विस्मरणात गेलं होतं.

पुस्तकाचं नाव 'स्त्री-पुरुष तुलना'. साल 1882. पुण्यात छापलं गेलं. किंमत 9 आणे.

आज स्त्रीवादी सिद्धांतात ज्याला 'स्त्रीत्वाची सामाजिक घडण' म्हणतात, त्यातला गाभ्याचा प्रश्न या छोट्या पुस्तकात आहे. बाई अशी असते, बाई तशी असते, हे जे आपण सहज बोलून जातो, ते ठरवलं कोणी?

आधी संकल्पना समजून घेऊ

मराठीत एक गंमत आहे. लहान बाळाला आपण 'ते' म्हणतो. ते रडतंय, ते झोपलंय. मग केव्हातरी त्या 'ते'चा 'तो' होतो किंवा 'ती' होते. शरीर तेच असतं, पण त्यासोबत आता एक यादी येते. 'ती'ला भातुकली, 'तो'ला बॅट. 'तो' पडला तर 'रडतोस काय मुलीसारखा', 'ती' मोठ्यानं हसली तर 'शोभतं का मुलीच्या जातीला'. पुढे पाय पसरून बसू नको, संध्याकाळी सातच्या आत घरी ये, स्वयंपाक शीक, सासरी आमचं नाव काढशील.

या यादीतली एकही गोष्ट शरीरातून आलेली नाही. गर्भाशय आहे म्हणून पोळी गोल लाटता येते, असं काही नसतं.

अभ्यासक म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या करतात. शरीराची रचना म्हणजे लिंग. त्या शरीराच्या माणसानं कसं वागावं, काय ल्यावं, काय कमवावं, कशाला घाबरावं याबद्दलचे समाजाचे नियम म्हणजे लिंगभाव. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ॲन ओकली यांनी 1972 च्या पुस्तकात हा फरक ठळकपणे मांडला आणि नंतर तो जगभर अभ्यासक्रमांत गेला. त्याआधी 1949 मध्ये फ्रान्सच्या सिमोन द बोव्हुआर यांनी 'द सेकंड सेक्स' या ग्रंथात बाईपण हे निसर्गदत्त नसून संस्कृतीनं घडवलेलं आहे, हा विचार सविस्तर मांडला होता. पुरुष हा 'माणूस' आणि बाई ही त्याच्या तुलनेत 'दुसरी', अशी मांडणी कशी तयार झाली, हे त्यांनी जीवशास्त्रापासून पुराणकथांपर्यंत सगळं तपासून दाखवलं.

हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे, अशी कमेंट अशा विषयाखाली हमखास येते. बोव्हुआर यांच्या ग्रंथाच्या 67 वर्षं आधी बुलढाण्यात काय लिहिलं गेलं, ते त्यासाठी बघायला हवं.

सुरतचा खटला आणि बुलढाण्याचं उत्तर

1881 मध्ये सुरतच्या कोर्टात एक खटला गाजला. विजयालक्ष्मी नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा गरोदर राहिली होती. बेअब्रूच्या भीतीनं तिनं जन्मलेल्या बाळाला मारलं. कोर्टानं तिला फाशी सुनावली, अपिलात ती शिक्षा काळ्या पाण्यावर आली.

खटला संपला, पण वर्तमानपत्रांत चर्चा सुरूच राहिली. चर्चेचा विषय होता बायकांची घसरलेली नीती. 'पुणे वैभव' या सनातनी वळणाच्या पत्रानं या निमित्तानं एकूण स्त्रीजातीवरच तोंडसुख घेतलं. एका बाईच्या गुन्ह्यावरून सगळ्या बायकांचा स्वभाव ठरवून टाकला गेला. ताराबाईंनी लेखणी उचलली ती यावर.

त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याला सरकारी कचेरीत नोकरीला होते आणि सत्यशोधक समाजाचे सदस्य होते. शाळेची सोय नसलेल्या त्या काळात मुलीला लिहायला-वाचायला शिकवलं ते वडिलांनीच. ताराबाईंचं लग्न झालं, नवरा घरजावई म्हणून आला, मूलबाळ झालं नाही. घर मराठा, म्हणजे विधवाविवाहाची बंदी आणि बायकांनी उंबऱ्याआड राहण्याची रीत तिथंही होतीच. ही बंधनं त्यांना परक्याच्या घरात डोकावून बघावी लागली नाहीत.

पुस्तकाची पद्धत साधी आणि बोचरी आहे. बायकांवर जे दुर्गुण लादले जातात, त्यांची ताराबाईंनी यादीच घेतली. बायका कपटी असतात, अविचारी असतात, चंचल असतात, व्यभिचारी असतात, आणि असंच बरंच काही. मग एकेक दुर्गुण उचलून त्या विचारतात की, हाच गुण पुरुषात किती आहे, ते मोजूया का? लाच कोण खातं, जुगार कोण खेळतं, दारूच्या नादात घर कोण बुडवतं, विधवेला फशी पाडून नंतर नामानिराळा कोण होतो?

शेवटचा प्रश्न थेट सुरतेला भिडतो. विजयालक्ष्मी एकटी गरोदर राहिली नव्हती. पण आरोपीच्या पिंजऱ्यात तीच होती आणि पेपरात नीतीचा पंचनामा झाला तोही तिचाच.

पण ताराबाई फक्त 'पुरुषही वाईट' म्हणून थांबत नाहीत. पुस्तकाचं खरं मोल पुढच्या पायरीत आहे. बाईचा हा 'स्वभाव' लिहिला कोणी, हे त्या विचारतात. शास्त्रं, पुराणं, कथा, नाटकं हे सगळं पुरुषांनी लिहिलेलं आहे. पतिव्रता कशी असावी हे पुरुषानं सांगायचं आणि पत्नीशी एकनिष्ठ पुरुष कसा असावा याचं मात्र शास्त्रच नाही! पुराणांतल्या देवांचं आणि ऋषींचं वागणंही त्या तपासायला घेतात. 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' या त्या काळी गाजलेल्या कादंबऱ्यांनाही सोडत नाहीत. आज सिरियलमधली सोशिक सून आणि कारस्थानी वहिनी यांवर जशी टीका होते, तशीच ही टीका होती.

आणखी एक निरीक्षण तर आजही लागू पडतं. इंग्रजी राज्यात पुरुषांनी बूट-विजार स्वीकारली, खाणंपिणं बदललं, नोकऱ्या धरल्या. त्यांचा धर्म बुडाला नाही. बाईनं मात्र जुन्या रीतीनंच राहायचं, कारण धर्म तिच्या पदराला बांधलेला! काळानुसार बदलण्याची मुभा एकाला आणि परंपरा सांभाळण्याची ड्युटी दुसरीला, ही वाटणी ताराबाईंनी तेव्हाच पकडली होती.

पुस्तकावर टीका झाली. सत्यशोधकांमधूनही झाली. त्या वेळी महात्मा फुले यांनी 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात, 1885 मध्ये, ताराबाईंची बाजू घेतली. फुले दांपत्याला हा प्रश्न नवा नव्हता. 1863 मध्येच त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं होतं. अडचणीत सापडलेल्या विधवांनी इथं यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल ठेवून जायचं तर ठेवून जावं, अशी सोय होती. तिथं जन्मलेल्या एका मुलाला, यशवंतला, त्यांनी दत्तकही घेतलं.

विधवेचं गरोदरपण सुरतेतही होतं आणि पुण्यातही होतं. एकीकडे त्याचा शेवट शिक्षेत झाला, दुसरीकडे एक मूल मोठं होऊन डॉक्टर झालं. शरीर एकच असताना निकाल इतका वेगळा लागतो, यालाच सामाजिक घडण म्हणतात.

यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक सापडत नाही. 1975 मध्ये संशोधक स. गं. मालशे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' पुन्हा प्रकाशात आणलं. ते संयुक्त राष्ट्रसंघाचं आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. 1994 मध्ये इतिहासकार रोझलिंड ओहॅनलन यांचा इंग्रजी अनुवाद आला आणि जगभरातल्या विद्यापीठांत बुलढाण्याचं नाव पोहोचलं.

प्रथा आधी, तिचा गौरव नंतर

संभाजीनगरच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्या डॉ. आंबेडकरांनी या प्रश्नात एक मोठी भर घातली. मे 1916 मध्ये, कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना, 25 वर्षांच्या आंबेडकरांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. जात टिकते कशी, हा त्यांचा प्रश्न. उत्तर होतं, जातीतल्या जातीत लग्न.

आता यात एक व्यावहारिक अडचण येते. नवरा मेला तर जातीत एक बाई 'जास्तीची' उरते. ती जातीबाहेर लग्न करेल किंवा जातीतल्या दुसरीचा संभाव्य नवरा घेईल, अशी भीती. मग तिला नवऱ्यासोबत जाळायचं, नाहीतर कायमची विधवा ठेवायची. बायको मेलेला पुरुषही 'जास्तीचा' ठरतो, पण त्याला जाळत नाहीत. त्याच्यासाठी लग्नाच्या वयात न आलेली मुलगी आणतात. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही प्रथा एकाच हिशेबातून आल्या, असं त्यांचं म्हणणं होतं. या प्रथांचं उदात्तीकरण खूप झालं, पण त्या मुळात आल्या कशासाठी हे कोणी सांगत नाही, याकडे त्यांनी बोट दाखवलं.

म्हणजे 'पतिव्रता', 'त्यागमूर्ती' हे शब्द आपण स्त्रीस्वभावाचं वर्णन म्हणून वापरतो, ते एका व्यवस्थेनं स्वतःच्या सोयीसाठी दिलेले किताब असू शकतात. नंतर इतिहासकार उमा चक्रवर्ती यांनी 1990 च्या दशकात 'ब्राह्मणी पितृसत्ता' या संकल्पनेतून जात आणि बाईवरचं नियंत्रण यांचं नातं उलगडलं, आणि पुण्याच्या शर्मिला रेगे यांनी आंबेडकरांचं हे लेखन स्त्रीवादी ग्रंथ म्हणून वाचायला शिकवलं.

डिसेंबर 1927 मध्ये महाडला आंबेडकरांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या बायकांपुढे केलेलं भाषणही इथं महत्त्वाचं आहे. लुगडं कसं नेसता, गळ्यात-हातात कोणते दागिने घालता, यावरून तुमची जात ओळखली जाते. ती ओळख टाकून द्या, लुगडं पायघोळ नेसा, असं त्यांनी सांगितलं. वरवर हा साडीचा विषय वाटतो. पण बाई 'दिसते' कशी हे तिच्या आवडीवर नाही तर तिच्या जातीच्या पायरीवर ठरत होतं, हे त्यातून उघड होतं.

'बाई' म्हणजे नेमकी कोणती बाई?

इथं एक खाचखळगा आहे आणि तो टाळून पुढे जाणारे लेख अर्धेच राहतात. बाईला घरात कोंडलं, नाजूक ठरवलं, ही तक्रार सगळ्या बायकांची नव्हती. काहींना घरात बसायची चैन कधीच नव्हती.

1855 मध्ये, ताराबाईंच्याही आधी, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मातंग समाजातल्या मुक्ता साळवे या मुलीनं निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्यात तिनं आपल्या समाजातल्या बायकांच्या बाळंतपणाचे हाल सांगितले, डोक्यावर छप्परही नसताना होणारे. बाळंतपण ही 'सगळ्या बायकांची' गोष्ट मानली जाते. पण ते छपराखाली होणार की उघड्यावर, हे जात ठरवत होती.

1980 च्या दशकात बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' आलं, उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांचा इतिहास 'आम्हीही इतिहास घडवला'मध्ये नोंदवला. 1995 मध्ये गोपाळ गुरू यांनी दलित स्त्रिया वेगळं का बोलतात यावर लेख लिहिला, त्यावर शर्मिला रेगे यांनी 1998 मध्ये प्रतिसाद दिला. या वादातून एक गोष्ट पक्की झाली. लिंगभाव एकटा येत नाही. तो जात, वर्ग, धर्म यांचे कपडे घालूनच येतो.

मराठवाड्याला यासाठी पुस्तकापर्यंत जायची गरज नाही. ऊसतोडीचा हंगाम बघा.

एक कोयता म्हणजे किती माणसं?

दिवाळीच्या आसपास बीड, जालना, संभाजीनगरच्या ग्रामीण भागातून ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादम त्यांना आगाऊ 'उचल' देतो. ही उचल माणशी नसते, कोयत्यामागे असते. आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी.

दोन माणसं, चार हात, पण हिशेबाच्या वहीत एक कोयता. त्यातही व्यवहार ठरतो तो बहुधा नवऱ्याशी. बाई पहाटे उठून स्वयंपाक करते, फडात ऊस सवासवी तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, संध्याकाळी परत चूल. यातला ऊस मजुरीत मोजला जातो, चूल कशातच नाही. बाईला नाजूक समजणारी संस्कृती आणि तिच्या डोक्यावर मोळी ठेवणारी संस्कृती एकच आहे, हे इथं नीट दिसतं.

एक दिवस काम चुकलं की 'खाडा' आणि त्याचा दंड. पाळी, पोटदुखी, बाळंतपण ही कारणं खाड्यात चालत नाहीत. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमध्ये सुमारे 82 हजार महिलांचं सर्वेक्षण झालं, त्यात 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं.

सिद्धांताच्या दृष्टीनं हे उदाहरण फार अस्वस्थ करणारं आहे. लिंग हे शरीर आणि लिंगभाव हा समाज, अशी सरळ रेषा आपण सुरुवातीला आखली होती. पण इथं मजुरीची पद्धत थेट शरीरात हात घालते. अमेरिकी तत्त्वज्ञ ज्युडिथ बटलर यांनी 1990 मध्ये हाच मुद्दा वेगळ्या वाटेनं मांडला होता. शरीर आधी आणि समाज नंतर असं नसतं, शरीराकडे बघण्याची आपली नजरसुद्धा समाजच घडवतो आणि रोजच्या वागण्यातून आपण ती पुन्हापुन्हा पक्की करतो, असा त्यांचा विचार. बटलर यांचं लेखन वाचायला अवघड आहे. खाड्याचा हिशेब त्यापेक्षा लवकर कळतो.

बीडचाच आणखी एक आकडा. 2011 च्या जनगणनेत 0 ते 6 वयोगटात दर हजार मुलांमागे तिथं फक्त 807 मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. म्हणजे काही ठिकाणी 'ती' व्हायच्या आधीच निर्णय झालेला असतो.

मग शरीरात फरक नाहीच का?

आहे. पाळी येते, गर्भ राहतो, हार्मोन्स वेगळे असतात. सामाजिक घडणीचा सिद्धांत हे नाकारत नाही. तो एवढंच विचारतो की, या फरकावरून पुढचे निष्कर्ष कोणी काढले? मूल जन्माला घालणं शरीराचं काम आहे, त्याचा डबा भरणं हे शरीराचं काम नाही.

केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या महिला त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात, तर घरकाम करणारे पुरुष 88 मिनिटं. 2019 मध्ये हे आकडे 299 आणि 97 होते. बायकांची 10 मिनिटं कमी झाली, पण पुरुषांचीही 9 झाली. मिक्सर आले, गॅस आला, पण वाटणी तशीच राहिली.

घडवलेली गोष्ट बदलता येते

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये ठराव केला. नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा बंद करायच्या. पुढच्या काही दिवसांतच राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. शतकानुशतकं 'रीत' म्हणून जे चालत आलं, ते ग्रामसभेत हात वर करून बदलता येतं, हे गावानं दाखवलं. अर्थात ठराव वहीत उतरतो लवकर, हळदीकुंकवाच्या ताटापर्यंत पोहोचायला त्याला वेळ लागतो.

कायद्यातही हेच दिसतं. महाराष्ट्रानं 1994 मध्ये वडिलोपार्जित संपत्तीत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, देशाच्या 11 वर्षं आधी. पण त्यात एक मेख होती, कायदा लागू होण्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं. 'लग्न झालं की परक्याचं धन' ही म्हण कायद्याच्या कलमात जाऊन बसली. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीनं ती काढली. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं हा हक्क जन्मानंच मिळतो, दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही, हेही स्पष्ट केलं.

तरी दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्रं होतच राहतात. बहिणीला कोणी धमकावतं असं नेहमीच नसतं. 'चांगली बहीण' भावाकडे वाटा मागत नाही आणि मागितला तर माहेर तुटतं, एवढं तिला लहानपणापासून माहीत असतं. सही तिचीच असते, त्यामुळे कागदावर तो राजीखुशीचा व्यवहार ठरतो. कायदा बाईपणापुढे हरतो तो असा, आवाज न करता.

नावाचंच बघा. अनेक घरांत आजही लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितात. वीस-पंचवीस वर्षं ज्या हाकेला ती ओ देत आली, ती हाक एका दुपारी बदलते. साताऱ्यात तर जन्मतःच 'नकोशी' नाव मिळालेल्या सुमारे 280 मुलींची नावं 2011 मध्ये जिल्हा प्रशासनानं समारंभ करून बदलली होती.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत सरकारी कागदपत्रांवर नावाचा क्रम बदलला आहे. आता आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. विवाहित महिलांसाठी मात्र याच निर्णयात जुनी पद्धत कायम आहे, तिचं नाव, मग नवऱ्याचं नाव, मग आडनाव.